शिदोरीपासून अंतराळापर्यंत: व्हॉयेज या शब्दाचा प्रवास

इजिप्तमधला एक पोरगा, नाव आपियन. दुसऱ्या शतकातली गोष्ट. रोमन आरमारात भरती व्हायला निघाला, वाटेत समुद्रात जीव जाता जाता वाचला आणि इटलीत नेपल्सजवळच्या मिसेनम बंदराला पोचल्यावर त्याने बापाला पत्र लिहिलं. ते पत्र आज बर्लिनला जपून ठेवलंय. त्यात खुशाली आहे, देवाचे आभार आहेत, तुम्ही मला शिकवलंत म्हणून मी इथे लवकर वर चढेन असंही तो म्हणतो, आणि मधेच सांगतो की इथे आलो आणि बादशहाकडून सोन्याची तीन नाणी मिळाली. कशाबद्दल? पत्र सगळं ग्रीकमध्ये आहे, पण या जागी तो एक लॅटिन शब्द ग्रीक अक्षरांत तसाच लिहून टाकतो. व्हियाटिकम. म्हणजे वाटखर्ची.

यातला व्हिया म्हणजे रस्ता, आपण व्हाया पनवेल जाऊया म्हणतो ना, तोच हा. आणि रस्त्यासाठी सोबत घेतलेलं जे काही असेल, पैसे म्हणा, खाणं म्हणा, ते व्हियाटिकम. आपल्याकडे वाटखर्ची आणि शिदोरी असे दोन शब्द आहेत, मला त्यातला शिदोरी जास्त जवळचा, कारण ती कुणीतरी बांधून दिलेली असते. ख्रिश्चन धर्मात मरणाच्या दारातल्या माणसाला जो शेवटचा पवित्र प्रसाद देतात त्यालाही हेच नाव आहे, व्हियाटिकम. पुढच्या वाटेची शिदोरी.

मग हा शब्द फ्रान्समध्ये लोकांच्या तोंडी घासत घासत व्वायाज झाला. आणि गंमत बघा, मधल्या काळात अर्थच सरकला, गाठोडं मागे पडलं आणि गाठोडं घेऊन जी वाट चालायची तिलाच ते नाव मिळालं. आपल्या मजल शब्दाचंही थोडं असंच, मुळात तो प्रवासातला मुक्कामाचा टप्पा, आणि आता आपण पोरीने थेट अमेरिकेपर्यंत मजल मारली म्हणतो.

इंग्रजीत हा शब्द १३०० च्या आसपास आला. चौदाव्या शतकातला इंग्रज कवी चॉसर, त्याच्या गोष्टीतले यात्रेकरू लंडनहून कँटरबरीला घोड्यांवरून निघतात, सगळी वाट जमिनीवरची, तरी तो तिला व्हॉयेजच म्हणतो, फक्त तेव्हाचं स्पेलिंग वेगळं. पण जमिनीवरच्या प्रवासाला इंग्रजीत जर्नी होता, ट्रॅव्हल होता, मग व्हॉयेज हळूहळू जहाजावर चढला आणि तिथेच राहिला. फ्रेंच माणसाचं मात्र आजही सगळं व्वायाजच, ऑफिसच्या कामासाठी जाणं असो नाहीतर हनिमून.

कॅनडात हाच शब्द माणसांच्या नावात दिसतो. अठराव्या शतकात मॉन्ट्रियलहून बर्च झाडाच्या सालीच्या लांबलचक होड्या वल्हवत फरच्या व्यापारासाठी जाणारे मजूर, त्यांना व्वायाजर म्हणायचे, इंग्रजीनेही तो शब्द जसाच्या तसा उचलला. नदीत धबधबा आला की होडी बाहेर काढायची, सामानाचं एकेक गाठोडं साधारण ४१ किलोचं, अशी दोन गाठोडी कपाळावरच्या पट्ट्याने पाठीवर पेलायची आणि जंगलातून चालत सुटायचं. ग्रँड पोर्टेज नावाच्या ठिकाणी ही चाल जवळजवळ १४ किलोमीटरची होती. खायला काय, तर वाळवलेला मका किंवा वाटाणे आणि डुकराची चरबी, तेच रोज. यातले जे मॉन्ट्रियलहून येऊन त्याच मोसमात परत फिरायचे त्यांना नावच पडलं होतं, चरबी खाणारे. शब्दातून शिदोरी कधीच निघून गेली होती, पण माणसं तिच्यावरूनच ओळखली जात होती, मला हे वाचून फार भरून आलं, कारण इतकं ओझं वाहणाऱ्यांची नावं इतिहासात फारशी राहिली नाहीत.

आणि आता १९७७. अमेरिकेची दोन यानं निघाली, नाव व्हॉयेजर. व्हॉयेजर १ निघालं ५ सप्टेंबरला. दोन्ही यानांवर तांब्याची, सोन्याचा मुलामा दिलेली एकेक तबकडी आहे, वाटेत कधी कुणी भेटलंच तर त्यांना ऐकवायला. तिच्यात ५५ भाषांमधले निरोप आहेत आणि त्यात आपली मराठीही आहे, नमस्कार म्हणून सुरुवात होते, एक बाई पृथ्वीवरच्या लोकांच्या शुभेच्छा सांगते. पहिल्यांदा ऐकाल तेव्हा हेडफोन लावून ऐका, अगदी शेजारच्या काकू बोलल्यासारखं वाटतं.

त्याच तबकडीवर साडेतीन मिनिटांची एक भैरवी आहे. गायिका केसरबाई केरकर, गोव्यातल्या केरीच्या, जन्म १८९२ चा. यान निघाल्यावर अकराव्या दिवशी, १६ सप्टेंबरला, त्या गेल्या. २०१२ मध्ये व्हॉयेजर १ सूर्यातून सुटणाऱ्या कणांच्या वाऱ्याची हद्द ओलांडून ताऱ्यांमधल्या मोकळ्या जागेत शिरलं तेव्हा त्यांचा आवाज सोबत होता, आजही आहे. भैरवीचे बोल आहेत, जात कहाँ हो.