घड्याळ पुढे, दिवेलागण तिथेच

नमस्कार. मी न्यू जर्सीत राहते आणि दर रविवारी सकाळी साडेनऊ वाजता साताऱ्याला आईला फोन करते. हिवाळ्यात तिच्याकडे तेव्हा रात्रीचे आठ वाजलेले असतात. जेवण आटोपलेले असते आणि ती निवांत बोलते. मार्चचा दुसरा रविवार आला की माझा तोच साडेनऊचा फोन तिच्याकडे सात वाजता, ऐन दिवेलागणीला खणखणतो. "अगं, आज एवढ्या लवकर?" असे ती दरवर्षी विचारते, आणि मी लवकर उठलेले नसून इथल्या सरकारने घड्याळ पुढे केले आहे, हे मला दरवर्षी नव्याने सांगावे लागते.

या प्रकाराला डेलाइट सेव्हिंग टाइम म्हणतात. अमेरिकेत २००७ पासून चालू असलेल्या नियमानुसार मार्चच्या दुसऱ्या रविवारी पहाटे दोन वाजता घड्याळ एकदम तीनवर जाते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी ते पुन्हा एक तास मागे येते. फोन आणि संगणक आपली वेळ आपणच बदलतात. ओव्हन आणि भिंतीवरचे घड्याळ मात्र आपल्या हाताची वाट पाहत बसतात. मोटारीतले घड्याळ तर मी नोव्हेंबरपर्यंत तसेच ठेवते, कारण त्याची माहितीपुस्तिका शोधण्यापेक्षा मनातल्या मनात एक तास मिळवणे सोपे पडते.

मुंबईत वर्षातला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस यांत सव्वादोन तासांचा फरक असतो, तर न्यू यॉर्कमध्ये तो जवळजवळ सहा तासांचा होतो. उन्हाळ्यात लोक झोपेत असताना वाया जाणारा पहाटेचा उजेड संध्याकाळच्या पदरात टाकावा, एवढाच या योजनेचा हेतू आहे. १९०७ साली विल्यम विलेट या इंग्रज बांधकाम व्यावसायिकाने तर एप्रिलच्या चार रविवारी वीस-वीस मिनिटांनी घड्याळ पुढे न्यावे आणि सप्टेंबरात तसेच मागे आणावे, असे सुचवले होते. म्हणजे वर्षातून आठ वेळा! प्रत्यक्षात ही पद्धत आली ती पहिल्या महायुद्धात, इंधन वाचवण्यासाठी, १९१६ मध्ये आधी जर्मनीत आणि काही आठवड्यांतच ब्रिटनमध्ये. आज ही बचत संशयास्पद ठरली आहे. इंडियाना राज्याने २००६ पासून राज्यभर ही वेळ पाळायला सुरुवात केली, तेव्हा झालेल्या अभ्यासात घरगुती विजेचा वापर उलट सुमारे एक टक्क्याने वाढल्याचे दिसले, कारण दिव्यांवर वाचलेली वीज वातानुकूलन आणि उष्णतायंत्रे खाऊन टाकत होती.

भारत घड्याळ बदलत नाही, पण भारतीयांची सुटका होत नाही. न्यू यॉर्क, लंडन आणि पुणे अशी तिन्हीकडची माणसे असलेली एक बैठक घ्या. न्यू यॉर्कचे साडेनऊ म्हणजे हिवाळ्यात लंडनचे अडीच आणि पुण्याचे रात्रीचे आठ. युरोप घड्याळ बदलतो तो मार्चच्या शेवटच्या रविवारी. म्हणजे २०२६ मध्ये अमेरिका ८ मार्चला आणि युरोप २९ मार्चला. मधले तीन आठवडे न्यू यॉर्क आणि लंडन यांच्यातला पाच तासांचा फरक चारवर येतो, आणि बैठक कोणत्या शहराच्या घड्याळाला बांधलेली आहे यावर पुण्याच्या माणसाने सातला बसायचे की आठला, हे ठरते. त्या तीन आठवड्यांत कोणीतरी रिकाम्या पडद्यासमोर तासभर बसलेला असतोच, आणि बहुतेक वेळा तो पुण्याचा असतो.

मग हे बंद का होत नाही? माझ्या मते खरा तिढा इथे आहे. घड्याळ पुढेमागे करणे बंद व्हावे, यावर पुष्कळांचे एकमत होते. कोणत्या वेळेवर थांबायचे, यावर मात्र होत नाही. उन्हाळी वेळ, म्हणजे पुढे केलेले घड्याळ, कायम केली, तर न्यू यॉर्कमध्ये जानेवारीच्या सुरुवातीला सूर्य आठ वाजून वीस मिनिटांनी उगवेल. हा प्रयोग १९७४ मध्ये तेलटंचाईच्या काळात झालाही होता. पालकांना मुले अंधारात शाळेला पाठवावी लागली, ओरड झाली, आणि ती योजना मुदतीआधीच, त्याच वर्षी गुंडाळण्यात आली. हिवाळी वेळ कायम केली, तर जूनमध्ये पहाटे साडेचारच्या आधीच सूर्योदय होईल आणि संध्याकाळच्या उजेडावर चालणारे गोल्फ मैदानांचे व दुकानांचे धंदे बिनसतील. निद्रातज्ज्ञांची अमेरिकन संघटना हिवाळी वेळेच्या बाजूने आहे, तर सिनेटने मार्च २०२२ मध्ये एकमुखाने कायमच्या उन्हाळी वेळेचे विधेयक संमत केले, जे प्रतिनिधिगृहात अडले. युरोपीय संसदेनेही २०१९ मध्ये बदल थांबवण्याच्या बाजूने मत दिले, आणि सदस्य देशांचे काही जमले नाही. अमेरिकेचा कायदा राज्यांना कायम हिवाळी वेळ पाळू देतो, कायम उन्हाळी नाही. हवाई आणि ॲरिझोनाने ती सवलत घेतली आहे; उन्हाने भाजून निघणाऱ्या ॲरिझोनाला संध्याकाळचे जास्तीचे ऊन हवे तरी कशाला? पण त्याच ॲरिझोनातले नवाहो या आदिवासी जमातीचे लोक घड्याळ बदलतात, आणि नवाहोंच्या भूमीने वेढलेले होपी लोक बदलत नाहीत.

आईने यावर आपला उपाय काढला आहे. तिने साताऱ्याच्या स्वयंपाकघरात माझ्या वेळेचे दुसरे घड्याळ टांगले आहे, आणि वर्षातून दोनदा ती स्टुलावर चढून ते पुढेमागे करते.