गॅप सांभाळणारे काका

पाडव्याची सकाळ, डोंबिवली पश्चिमेचं भागशाळा मैदान. अजून धड उजाडलं पण नाहीये आणि टेम्पो, ट्रक, लेझीमवाल्या मुली, सायकलवाले, ढोल पथक सगळे एकदमच येऊन थडकलेत आणि नववर्ष स्वागत यात्रेत प्रत्येकाला पालखीजवळचाच नंबर हवाय. या गोंधळात गळ्यात शिट्टी आणि हातात लांब बांबू घेऊन फिरतायत ते काका. नाव नका सांगू म्हणाले, म्हणून नुसतेच काका.

बांबूला वरच्या टोकाशी लाल चिंधी बांधलीय. प्रत्येक चित्ररथाशेजारी तो उभा करून बघायचा, रथावरची गुढी नाहीतर किल्ल्याचा बुरूज चिंधीच्या वर गेला की काका म्हणणार, "एवढा उतरवा, पुढे वायरी आहेत." आता रात्रभर जागून केलेला पुठ्ठ्याचा बुरूज कोण उतरवणार, मग वाद, रुसवे, कोणीतरी फोन लावतं, पण शेवटी बुरूज उतरतोच.

१९९९ च्या आधी पाडवा म्हणजे काय, तर दारात गुढी, कडुलिंबाचं पान तोंड वाकडं करून खायचं, श्रीखंड पुरी आणि मग मस्त झोप. त्या वर्षी श्री गणेश मंदिर संस्थानने नववर्ष स्वागत यात्रा काढली, कल्पना आबासाहेब पटवारींची. आता गिरगाव, ठाणे, पार्ले सगळीकडे यात्रा निघतात, टीव्हीवर गिरगावच जास्त दिसतं, पण सुरुवात आमची हे डोंबिवलीकर तुम्हाला ऐकवल्याशिवाय सोडत नाही, आणि खरंच आहे ते.

काका पहिल्या वर्षापासून आहेत. आधी पाणीवाटपाला होते, मग त्यांना जे काम मिळालं ते कोणालाच नको असतं, गॅप सांभाळायचं. म्हणजे बघा, ढोल पथक चौकात आलं, गर्दी दिसली, मोबाईल वर झाले की पथक तिथेच रिंगण करून वाजवत बसतं. पुढची यात्रा निघून जाते, रस्ता रिकामा, लोकांना वाटतं संपली, ते घरी. आणि मागे बालवाडीची पोरं, कोणी टिळक, कोणी झाशीची राणी, उन्हात ट्रकवर उभी, मिशा घामाने ओघळल्यात. काका पथकासमोर जाऊन उलटे चालायला लागतात, हात हलवत, "वाजवा रे बाळांनो, पण चालत वाजवा!" शिट्टी ढोलापुढे कोणाला ऐकू येतेय, म्हणून हे उलटं चालणं. पथकाचा झेंडेवाला एकदा पुढे सरकला की बाकीचे आपोआप सरकतात, ही त्यांची युक्ती, थेट त्याच्याच डोळ्यात बघायचं.

फडके रोडवर मात्र कोणाचंच काही चालत नाही. नटूनथटून आलेली अख्खी तरुण डोंबिवली तिथे उभी असते, यात्रा बघायला कमी आणि एकमेकांना बघायला जास्त, असं माझं मत. काकांची त्यावर तक्रार नाही, फक्त मध्ये दोरी धरायला चार पोरं द्या म्हणतात.

२०२० चा पाडवा २५ मार्चला होता, लॉकडाऊनचा पहिलाच दिवस. सगळी तयारी झालेली, तशीच गुंडाळून ठेवली. पुढच्या वर्षी पण तेच. २०२२ ला २ एप्रिलला पाडवा आला आणि राज्यातले निर्बंध पण त्याच दिवशी उठले. दोन वर्षं घरात बसून गुडघा धरला होता, घरच्यांनी खुर्ची टाकून बसा सांगितलं, काका बसले पण, पहिली गॅप पडेपर्यंत.

आता व्हॉट्सॲप ग्रुप आहे, कुठे काय अडकलंय ते पोरं टाकतात. काकांचा मात्र खिशातला कागदच, त्यावर रथांचे नंबर. यात्रा मंदिराशी पोचली, सगळे फोटो काढतायत आणि हे कागदावर पुढच्या वर्षीचं लिहितायत. आम्ही कॅमेरा जवळ नेला तर म्हणाले, "नऊवारीतल्या बाइकवाल्या मुलींना सगळ्यात पुढे काढायचं, पायी चालणाऱ्यांच्या मागे हाफ क्लचवर गाड्या गरम होतात. आणि तो बुरूजवाला, त्याला आत्ताच माप देऊन ठेवतो."