कॅल्शियम असेल तरच: कॅडहेरिनचा शोध आणि कर्करोग

[दृश्य: सूक्ष्मदर्शकाखाली फिरत्या द्रावणातल्या पेशी]

बशीच्या तळाला चिकटलेल्या पेशी सुट्या करायला प्रयोगशाळेत ट्रिप्सिन वापरतात. पेशींच्या पृष्ठभागावरची प्रथिनं ते कापतं. जपानच्या क्योतो विद्यापीठात जीवशास्त्रज्ञ मासातोशी ताकेइची अशा सुट्या केलेल्या पेशी हलत्या द्रावणात ठेवत, आणि थोड्याच वेळात त्या पुन्हा एकमेकींना बिलगत.

१९७०च्या दशकात ते अमेरिकेत, बाल्टिमोरच्या कार्नेगी संस्थेत गेले. प्रयोग तोच, पण पेशी काही केल्या चिकटेनात. शोधाशोध केल्यावर फरक निघाला ट्रिप्सिनच्या द्रावणात. बाल्टिमोरच्या द्रावणात ईडीटीए नावाचं रसायन घालत, क्योतोच्या नाही. ईडीटीए कॅल्शियम धरून ठेवतं. कॅल्शियम नसलं की पृष्ठभागावरचं एक प्रथिन उघडं पडतं आणि ट्रिप्सिन त्याचा फडशा पाडतं; कॅल्शियम असलं की ते शाबूत राहतं. हे काम १९७७ साली छापून आलं. १९८४ साली त्या प्रथिनाला नाव मिळालं, कॅडहेरिन.

[दृश्य: दोन नळ्या, शेजारी शेकर]

ही चाचणी आजही करतात. दोन्ही नळ्यांत ०.०१ टक्का ट्रिप्सिन. एकीत १ मिलिमोलर कॅल्शियम, दुसरीत १ मिलिमोलर ईडीटीए. पेशी धुऊन कॅल्शियमच्या द्रावणात घ्यायच्या, ३७ अंशांवर शेकरवर ठेवायच्या, आणि सुरुवातीला किती कण होते, नंतर किती उरले ते मोजायचं. पेशी गोळा झाल्या की कणांची संख्या घटते.

सोपं वाटतं, पण घोळ होतात. धुताना ईडीटीए मागे राहिलं, तर चांगल्या पेशीही सुट्याच राहतात. उलट, मेलेल्या पेशींतून सांडलेला डीएनए चिकट असतो. त्याने झालेले गोळे कॅडहेरिनच्या खात्यावर जमा होतात. म्हणून डीएनए कापणारं डीएनेज घालतात. बशीला आधी अल्ब्युमिन या प्रथिनाचा लेप देतात, नाहीतर पेशी तळालाच बसतात. आणि द्रावण थंड असेल तर निकालाची वाटच बघू नये, कारण ही पकड थंडीत जमत नाही.

[दृश्य: ई-कॅडहेरिनचं रेखाचित्र]

त्वचा, आतडी, स्तनांच्या नलिका यांच्या अस्तरात ई-कॅडहेरिन असतं. पेशीबाहेर त्याचे पाच खंड, आणि दर दोन खंडांच्या सांध्यात कॅल्शियमचे तीन आयन. ते नसले तर सगळा दांडा लुळा पडतो. पेशीच्या आत त्याला बीटा-कॅटेनिन हे प्रथिन जोडलेलं, त्याला अल्फा-कॅटेनिन, आणि तिथून पुढे पेशीच्या सांगाड्यातले अ‍ॅक्टिनचे धागे.

१९८७ साली ताकेइचींच्या गटाने उंदराच्या, एरवी न चिकटणाऱ्या एल पेशींत ई-कॅडहेरिनचं जनुक घातलं, आणि पेशी गच्च चिकटल्या. पण फुप्फुसाच्या कर्करोगाच्या पीसी-९ पेशींत ई-कॅडहेरिन असूनही त्या सैल राहत. त्यांच्यात अल्फा-कॅटेनिन नव्हतं. ते घातल्यावर पकड परत आली. म्हणजे बाहेरचा हात असून भागत नाही. आतली दोरी तुटली तरी पेशी सुटते.

[दृश्य: स्तनाच्या बायोप्सीची रंगवलेली स्लाइड]

स्तनाच्या लोब्युलर, म्हणजे दुग्धग्रंथींच्या, कर्करोगात बहुधा ई-कॅडहेरिन नाहीसं होतं, आणि पेशी एकामागे एक रांगेत घुसतात. पॅथॉलॉजिस्ट ई-कॅडहेरिन असेल तिथेच रंग चढेल अशी स्लाइड रंगवून हे बघतात, पण त्याआधी शेजारची निरोगी नलिका तपासतात. तीही कोरी असेल तर दोष रंगवण्यात आहे, गाठीत नाही.

‘चिकटणं संपलं की रोग पसरतो’ हे मात्र अर्धंच खरं. डक्टल, म्हणजे स्तनाच्या नलिकांच्या, कर्करोगात ई-कॅडहेरिन बहुतेकदा टिकून असतं आणि तरी तो दूर जातो. २०१९ साली उंदरांवरच्या प्रयोगांत उलटंच दिसलं: ते काढल्यावर पेशी जास्त घुसल्या, पण मरू लागल्या आणि दूरवर कमी रुजल्या.

[दृश्य: जठराच्या अस्तराचा छेद]

जठरात चित्र अधिक स्पष्ट आहे. १९९८ साली न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठातल्या संशोधकांना, पिढ्यान्‌पिढ्या जठराचा कर्करोग होणाऱ्या माओरी कुटुंबांत ई-कॅडहेरिनच्या, म्हणजे सीडीएच-१ जनुकात बिघाड सापडला. सदोष प्रत मुलात उतरण्याची शक्यता निम्मी. या रोगात गाठ उभीच राहत नाही. पेशी अस्तराखाली ठिकठिकाणी विखुरतात, म्हणून दुर्बिणीने तपासूनही निसटतात. त्यामुळे बिघाड पक्का ठरलेल्या प्रौढांना बऱ्याचदा लक्षणं नसतानाच पूर्ण जठर काढायचा सल्ला दिला जातो. पुढे जन्मभर बी-१२ बाहेरून घ्यावं लागतं, आणि जेवण थोडं थोडं, दिवसातून पाच-सहा वेळा.