मनातला सा

नमस्कार श्रोतेहो.

माझ्यासमोर पेटी आहे. आज हात लावणार तो फक्त काळ्या पट्ट्यांना. सप्तकात त्या पाचच. आधी काळी तीनचा, म्हणजे तिसऱ्या काळ्या पट्टीचा, सूर धरून ठेवतो आणि त्यावर वाजवतो.

(पेटी: काळी तीन धरून भूप)

ओळखलात, राग भूप. आता पट्ट्या त्याच पाच, धरलेला सूर मात्र काळी पाचचा.

(पेटी: काळी पाच धरून मालकंस)

हा झाला मालकंस. काळी एक धरली असती तर दुर्गा ऐकू आला असता. मघाशी काळी तीन हा सा होता, भूप तिथे येऊन विसावत होता. तोच सूर आता कोमल धैवत झाला आणि पुढे सरकायला धडपडू लागला. सुरातला ताण असा मनातल्या ‘सा’पासून मोजला जातो, आणि ही मोजणी संगीत न शिकलेला माणूसही करत असतो.

क्रुमहान्सल आणि केसलर या संशोधकांनी १९८२ साली ती कागदावर आणली. एखादी पट्टी, म्हणजे एक आधारस्वर आणि त्याच्याभोवतीचे सूर, कानात बसेल असं काही ऐकवायचं, मग एकच सुटा सूर वाजवायचा आणि तो किती जुळतो याला १ ते ७ गुण द्यायला सांगायचं. सर्वांत जास्त गुण आधारस्वराला, म्हणजे ‘सा’ला मिळाले, पट्टीबाहेरच्या सुरांना कमी. १९८४ साली क्रुमहान्सल, कॅस्टेलानो आणि भरूचा यांनी हाच प्रयोग आपल्या दहा रागांवर केला. राग कधी न ऐकलेल्या पाश्चात्त्य श्रोत्यांनाही सा आणि प यांचं मोठेपण जाणवलं, कारण कोणता सूर जास्त वेळ वाजतोय याकडे त्यांचे कान होते. मला हे फार मोलाचं वाटतं. रागाचं नाव ठाऊक नाही म्हणून कुणी मैफिलीत मागे बसायचं कारण नाही.

पण हा मनातला सा टिकतो किती वेळ? संगीताचे अभ्यासक निकोलस कुक यांनी १९८७ साली काही पाश्चात्त्य रचनांचा शेवट मुद्दाम दुसऱ्याच पट्टीत नेऊन संगीताच्या विद्यार्थ्यांना ऐकवला. रचना एखाद्या मिनिटापेक्षा मोठी असली, की मूळ शेवटच बरा वाटला असं दिसलं नाही. सुरुवातीची पट्टी मनातून निसटलेली होती.

आपल्या सिंधुदुर्गातल्या जत्रेत याचा पडताळा येतो. दशावतारात एका पात्राचं पद संपतं, मग संवाद रंगतात, आणि दुसरं पात्र आपल्या गळ्याच्या पट्टीत पद उचलतं. पेटीवाला लगेच तिथे जातो. देवळासमोर बसलेल्या कुणालाही खटकत नाही, कारण बोलण्यात आधीचा सा विरून गेलेला असतो. डबलबारीतही, म्हणजे दोन भजनी बुवांच्या सामन्यात, समोरच्या बुवांनी वेगळी पट्टी धरली तरी पहिल्या ओळीतच कान नव्या जागी बसतो. एकाच गजराच्या मध्ये कोरस अर्ध्या सुराने उतरला, तर मात्र मागच्या रांगेतली आजीसुद्धा मान वर करते. तेव्हा पेटीचा सा समोर चालूच असतो ना!

तानपुऱ्याचं कामही हेच. तासभर गाणं चाललं तरी तो सा विसरू देत नाही, म्हणून गाणाऱ्याला ‘सा’पासून हवं तितकं लांब राहता येतं. मारवा हा राग घ्या. त्यात पंचम वर्ज्य, रिषभ कोमल, मध्यम तीव्र. गाणारा निषाद, रिषभ, धैवत यांच्यात फिरत राहतो आणि ‘सा’वर यायचं लांबवतो. मागे सा सतत वाजतोय, गळा तिथे जात नाही, आणि ऐकणाऱ्याच्या जिवाची घालमेल होते. तानपुरा नसता तर थोड्या वेळाने मन दुसऱ्याच सुराला सा मानून मोकळं झालं असतं, आणि मारवा मारवा उरला नसता.

आता तानपुरा लावतो आणि मारव्याची आलापी ऐकवतो. सा येईपर्यंत थांबा.

(तानपुरा. मारवा, आलाप)