उडीनंतरच्या नऊ फ्रेम

[दृश्य: मातीचा ट्रॅक. रिमोटवर चालणारा छोटा ट्रक उडी घेतो, खाली येतो, धूळ उडवत निघून जातो. आवाज फक्त मोटरचा.]

पाहिलंत? नाही पाहिलंत. मलाही नाही दिसलं, आणि तो ट्रक माझा आहे. वर गेला, खाली आला, पळाला, एवढंच डोळ्याला कळतं. खरी भानगड मधे झाली.

[तेच दृश्य, संथ गतीत.]

आता परत बघू. उडी जिथे संपते तिथे फोन मातीला टेकवून ठेवलाय, सेकंदाला 240 फ्रेम टिपतोय. ट्रक 1:10 मापाचा, वजन अडीच किलोच्या आसपास. हवेत तो अर्धा मीटर वर गेला, म्हणजे सपाट जमिनीवर टेकताना खाली येण्याचा वेग सेकंदाला 3 मीटरहून थोडा जास्त. हा वेग जिरवायला सस्पेन्शनकडे जागा किती, तर चाक वर जाऊ शकतं तेवढी. साधारण 6 सेंटिमीटर. हिशेब मांडला तर सगळा कारभार 0.04 सेकंदात आटोपतो. या फोनच्या भाषेत नऊ फ्रेम. नेहमीच्या व्हिडिओत एखादी. आणि तेवढ्यात चारही शॉकनी, म्हणजे चाकांजवळच्या शॉक ॲब्सॉर्बरनी, मिळून ट्रकच्या वजनाच्या नऊ पट भार झेलायचा, तोही सगळं मनासारखं जुळलं तर. नाही जुळलं तर सातव्या फ्रेमला चॅसिसचं, म्हणजे ट्रकच्या सांगाड्याचं, पोट जमिनीला लागतं.

[आवाज मोठा: ठक्.]

हा 'ठक्' मला आज घालवायचाय. पण कॅमेरा जरा पुढे न्या. वळणाच्या तोंडाशी, सगळे ब्रेक लावतात तिथे, माती उखडून बारीक लाटा झाल्यात. सकाळी इथे काहीच नव्हतं. फेऱ्या वाढतात तशा या लाटा खोल होत जातात. उडीला कडक ट्रक लागतो, या लाटांना मऊ. ट्रक एकच आहे.

[दृश्य: टेबल. ट्रकची बॉडी काढलेली. चारही शॉक उतरवून रांगेत ठेवलेले.]

शॉक काढले की पहिलं काम तेलाचं नाही, स्प्रिंगचंही नाही. आर्म, म्हणजे चाकाला धरून वर-खाली होणारा हात, बोटाने उचलायचा आणि सोडून द्यायचा. तो स्वतःच्या वजनाने, कुठेही न अडखळता खाली पडला पाहिजे. हा असा. आता उजवीकडचा मागचा बघा. अर्ध्यावर येऊन थांबला. आर्म जिच्यावर फिरतो त्या हिंज पिनमध्ये माती आहे, नाहीतर पिन वाकलीय. असा आर्म ठेवून वर कितीही भारी शॉक लावा, उपयोग शून्य.

हे मी शहाणपणाने सांगत नाहीये. एका शर्यतीत माझा ट्रक प्रत्येक डाव्या वळणात मागून घसरत होता. मी दिवसभर स्प्रिंगा बदलल्या. आधी मऊ, मग कडक, मग पुढची मागे, मागची पुढे. शेवटची फेरी संपल्यावर शॉक उघडला तेव्हा दिसलं की एकाचा दांडा वाकलाय, केसभर. शॉक आत जायचा, बाहेर यायला कुरकुरायचा. दोष दांड्याचा आणि शिक्षा स्प्रिंगांना.

[दृश्य: पिन पुसून पुन्हा बसवतात. आर्म खाली पडतो. टप.]

आता स्प्रिंग. तिचं काम ट्रकचं ओझं उचलून धरणं. लोकांना वाटतं, शॉकवरची कडी, म्हणजे कॉलर, फिरवून स्प्रिंग दाबली की ती कडक होते. होत नाही. स्प्रिंग तीच, तिची ताठरताही तीच; फक्त ट्रक वर उठतो. कॉलर असतो तो जमिनीपासूनची उंची जुळवायला. ती बघायची पद्धतही सोपी आहे: बॅटरीसकट, शर्यतीला उतरेल तसा पूर्ण ट्रक टेबलावर वीतभर उंचीवरून सोडायचा. आपटून तो जिथे स्थिरावतो ती खरी उंची. हाताने अलगद ठेवलेला ट्रक खोटं बोलतो. मागच्या चाकांना फिरवणारे दांडे, ड्राइव्ह शाफ्ट, जमिनीला समांतर आले की सुरुवातीला तेवढं पुरे.

इथे एक गंमत सांगतो. हा ट्रक खऱ्या ट्रकपेक्षा दहापट लहान. लांबी लहान केली, रुंदी केली, चाकं केली. गुरुत्वाकर्षण मात्र लहान करता येत नाही, ते तेवढंच राहिलं. स्प्रिंगवर गाडी किती सेकंदात हिंदकळते हे ती स्वतःच्या वजनाने किती खाली बसते त्यावर ठरतं. खरी गाडी 15 सेंटिमीटर बसत असेल तर सेकंदाला एक-सव्वा हेलकावे देते. आपली बसते दीड सेंटिमीटर, म्हणून सेकंदाला चार. थोडक्यात, या ट्रकचं घड्याळ आपल्यापेक्षा तिपटीने जोरात पळतं. म्हणून तो नेहमी घाबरल्यासारखा थरथरतो, आणि म्हणूनच खऱ्या गाडीचा अंदाज इथे जसाच्या तसा लावता येत नाही.

[दृश्य: शॉकचं झाकण उघडतं. आत पारदर्शक तेल. पिस्टन वर-खाली. बुडबुडे.]

स्प्रिंगने साठवलेली ताकद जिरवायची कुणी? या तेलाने. 1984 मध्ये असोसिएटेड कंपनीची आरसी10 ही रिमोटची बग्गी आली तेव्हाही तिच्या चारही कोपऱ्यांत तेलाचे शॉक होते. आज तेल सिलिकॉनचं असतं, कारण तापमान बदललं तरी त्याचा दाटपणा इतर तेलांच्या मानाने कमी बदलतो. कमी, पण बदलतो. हे लक्षात ठेवा, दुपारी कामाला येईल.

बाटलीवर दाटपणाचे 30, 35, 40 असे आकडे दिसतील. त्यांच्यावर फार विसंबू नका, एका कंपनीचं 35 दुसरीच्या 35 सारखं असेलच असं नाही. सेंटिस्टोक, म्हणजे दाटपणाचं ठरलेलं माप, लिहिलेलं पाहा. माझ्या शॉकमध्ये आत्ता 450 सेंटिस्टोक आहे. आणि पिस्टनला दोन छिद्रं, प्रत्येकी 1.7 मिलिमीटरची.

हा पिस्टन जवळून बघू. नखाएवढी चकती. शॉक दाबला गेला की तेलाला या छिद्रांतून पलीकडे जावं लागतं, आणि सगळा खेळ तिथेच आहे. हळू दाबलं तर तेल शांतपणे सरकतं. तेव्हा विरोध किती होईल ते तेल किती दाट यावर ठरतं. वळणात ट्रक एका कुशीवर कलतो, ब्रेक लागला की नाक खाली घालतो, या सगळ्या संथ हालचाली. जोरात दाबलं, उडीवरून आपटल्यासारखं, की छिद्रातलं तेल घुसळून निघतं. आता दाटपणाला फारसं कुणी विचारत नाही, छिद्र केवढं ते महत्त्वाचं. वेग दुप्पट झाला की विरोध जवळपास चौपट. शॉक क्षणभर काठीसारखा ताठ होतो. शर्यतवाले याला 'पॅक होणं' म्हणतात.

[दृश्य: दोन शॉक दोन हातांत. बोटाने एकेक दाबला जातो.]

हे दोन शॉक बघा. डाव्या हातात माझा, 1.7 चं छिद्र आणि 450 चं तेल. उजव्या हातात 1.6 चं छिद्र आणि 350 चं तेल. बोटाने दाबले तर डोळे मिटून ओळखता येणार नाही कुठला कुठला. छिद्र लहान झालं त्याची भरपाई पातळ तेलाने केली. पण दोन्ही जमिनीवर आपटा. उजवा आधी ताठ होईल, पोट वाचवेल. आणि त्याच ताठपणामुळे लाटांवर टणटण उडेल, कारण वेगात आडवी आलेली छोटी लाटसुद्धा शॉकला जोराचाच धक्का देते. डावा लाटा गिळतो आणि उडीवर 'ठक्' म्हणतो.

बरेच लोक इथे फक्त तेल दाट करतात. आवाज थोडा कमी होतो, पण ट्रक वळणात सुस्तावतो, चाक खड्ड्यात उतरायला उशीर करतं आणि पकड जाते. मला ते पटत नाही. आपटण्यावरचा इलाज छिद्रात शोधावा.

मी काय केलं? संथ गतीतले व्हिडिओ परत पाहिले. माझा ट्रक नेहमी आधी मागच्या चाकांवर टेकतो, पुढची एक-दोन फ्रेम नंतर. 'ठक्' मागेच होतो. म्हणून फक्त मागच्या दोन शॉकमध्ये 1.6 चे पिस्टन आणि 350 चं तेल. पुढचे तसेच. ब्रेकच्या लाटांवर दिशा पुढची चाकं देतात, ती मऊच हवीत.

[दृश्य: शॉक उभे ठेवलेले. तेलातून बुडबुडे वर येतात.]

तेल भरलं की घाई नको. पिस्टन सावकाश वर-खाली करायचा, मग पाच-दहा मिनिटं नुसतं बघत बसायचं. एक बुडबुडा राहिला तर शॉक पहिले काही मिलिमीटर हवेवरच चालतो. झाकण लावल्यावर जोडी जुळवायची: दोन शॉक तोंडाला तोंड लावून एकमेकांवर दाबायचे. दोघे सारखेच आत गेले पाहिजेत. एक आधी गेला तर तो उघडून पुन्हा भरायचा.

अँटी-रोल बार मी या ट्रॅकवर काढूनच ठेवलाय. डावं-उजवं चाक तो एकमेकांना बांधतो, एकाचा खड्डा दुसऱ्याला कळतो. मागे 3 अंश टो-इन, म्हणजे चाकांची तोंडं किंचित आत वळलेली; चारही चाकांना अंशभर निगेटिव्ह कॅम्बर, म्हणजे वरची कड आत कललेली. त्याला आज हात लावणार नाही. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने काय झालं हे कधीच कळत नाही.

[दृश्य: पुन्हा ट्रॅक. ट्रक उडीकडे येतो. संथ गती.]

चढावर बघा. मागचे शॉक दबलेत, आता ते उघडतील. आधी ते फटकन उघडायचे, शेपटी वर फेकली जायची आणि ट्रक नाकावर यायचा. छिद्र लहान झालं तसं उघडणंही आवरलं. हे मी मागितलं नव्हतं, फुकट मिळालं. हवेत तरीही नाक वर उचललं जातंय, पण ते बॉडीमुळे. 2008 मध्ये ट्रॅक्सास कंपनीचा स्लॅश हा रिमोटचा ट्रक आला आणि अशा मोठ्या, खालून उघड्या बॉडीच्या ट्रकांची लाट आली. बॉडी दिसायला देखणी, हवेत मात्र छत्रीसारखी फुगते. म्हणून मागे भोकं पाडलीत. वरून मी हवेतच क्षणभर ब्रेक दाबतो. चाकांचं फिरणं थांबलं की नाक खाली येतं.

आणि आता टेकतोय. मागची चाकं. दोन फ्रेम. पुढची. चार, पाच, सहा, सात...

[शांतता. नववी फ्रेम. चॅसिस आणि मातीमध्ये कागद सरकेल एवढी फट.]

लाटांवर मागचा भाग आधीपेक्षा थोडा जास्त उडतोय. दिसतोय मला. चालेल.

[दृश्य: दुपार. त्याच ट्रॅकवर सावल्या आखूड. ट्रक उडी घेतो.]

उन्हं चढलीत. माती तापली, मोटर तापली, शॉकही हाताला गरम लागतायत. पोट अजून टेकत नाहीये, छिद्र त्याचं काम करतंय. पण टेकल्यावर ट्रक एकदा खाली बसून थांबायचा, तो आता पुन्हा वर येतो आणि दुसऱ्यांदा हलतो. वळणात जास्त कलतोही. तेल पातळ झालंय.

[दृश्य: टेबल. मागच्या शॉकचं झाकण पुन्हा उघडतं. 400 ची बाटली. वहीत पेन्सिलीने: मागे, 1.6, 400, ऊन.]

पुढच्या फेरीला वीस मिनिटं आहेत. बुडबुड्यांना त्यातली दहा लागतील.