लॅन्सडाऊनच्या टेप्स : ब्रिटिश जॅझचे रीइश्यू आणि त्यातले आपले लोक

(दृश्य : कपाट, हात, एकेक स्लीव्ह बाहेर येतेय)

हे हात आहेत मूळच्या दादरच्या आणि आता बरीच वर्षं लंडनमध्ये राहणाऱ्या एका काकांचे. चेहरा घ्यायचा नाही आणि नाव सांगायचं नाही एवढीच त्यांची अट, बाकी कपाट सगळं उघडं करून दिलं, फक्त तबकडी कडेनं धरा म्हणाले, चरांना बोट लावू नका. आत आहेत साधारण १९६० ते १९७५ या काळातले ब्रिटिश जॅझचे रेकॉर्ड्स. आणि जवळजवळ सगळे रीइश्यू, म्हणजे जुनाच रेकॉर्ड नंतर पुन्हा काढलेला. ओरिजिनल प्रेसिंग शोधाल तर मोजकेच सापडतील, आणि काकांना त्याचं अजिबात वाईट वाटत नाही, कारण त्यांना हे वाजवायचे असतात.

ओरिजिनल इतके दुर्मिळ का, ते आधी सांगतो. तेव्हा इंग्लंडमध्ये जॅझ म्हटलं की लोक अमेरिकन रेकॉर्ड घ्यायचे. आपल्याच गावातला माणूस तितकंच भारी वाजवतोय हे पटायला तयारच नसायचे. त्यामुळे कंपन्या थोड्या कॉपीज काढायच्या, त्या संपल्या की विषय संपला, परत छापायचं नाव नाही. हा बघा पियानोवादक मायकल गॅरिकचा मूनस्केप, १९६४ चा, एअरबोर्न नावाच्या छोट्या लेबलवरचा (लेबल म्हणजे रेकॉर्ड काढणारी कंपनी किंवा तिचा ब्रँड) दहा इंची रेकॉर्ड. याच्या फक्त ९९ कॉपीज काढल्या होत्या. ९९ च का, तर शंभरच्या आत राहिलं की परचेस टॅक्स, म्हणजे तेव्हाचा विक्रीवरचा कर, लागायचा नाही! म्हणजे अख्ख्या जगात ९९ माणसांकडे हा रेकॉर्ड असू शकत होता, आणि त्यातल्या किती कॉपीज पुढे माळ्यावर आणि ओलीत गेल्या असतील विचार करा. काकांच्या हातातली ही कॉपी २००७ ची आहे, ट्रंक रेकॉर्ड्सनं काढलेली. ती निघाली नसती तर हे संगीत आपल्या कानावर पडलंच नसतं, इतकं सरळ आहे ते.

(दृश्य : हॉलंड पार्क, लाल विटांची इमारत, खालून वर कॅमेरा)

ही इमारत म्हणजे लॅन्सडाऊन हाऊस, पश्चिम लंडन. १९५० च्या दशकाच्या शेवटी डेनिस प्रेस्टन नावाच्या प्रोड्युसरनं हिच्या तळघरात स्टुडिओ उभा केला, आणि ज्या रेकॉर्ड्ससाठी आज लोक वेडे होतात त्यातला मोठा भाग इथेच रेकॉर्ड झाला. प्रेस्टन कुठल्या मोठ्या कंपनीचा नोकर नव्हता. तो स्वतःच्या पैशानं रेकॉर्डिंग करायचा आणि तयार टेप ई.एम.आय.ला वापरायला द्यायचा, मग ते कोलंबिया लेबलवर लॅन्सडाऊन सिरीज म्हणून बाजारात यायचं. (अमेरिकेतली कोलंबिया वेगळी हं, ही ब्रिटिश ई.एम.आय.ची.) स्वतःचा पैसा असल्यामुळे कुणाला विचारायची गरज नाही, म्हणून तर असे असे प्रयोग त्यानं होऊ दिले जे दुसऱ्या कुणी केले नसते.

त्यातला आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा हा. इंडो-जॅझ स्वीट. १९६५ मध्ये रेकॉर्ड झाला, १९६६ ला बाहेर आला. जॉन मेयर हा कलकत्त्यात जन्मलेला व्हायोलिनवाला आणि संगीतकार, १९५२ मध्ये स्कॉलरशिपवर लंडनला शिकायला आला आणि पुढे तिथल्या मोठ्या ऑर्केस्ट्रात वाजवत होता. त्यानं आणि जमैकाहून आलेल्या जो हॅरियट या आल्टो सॅक्सोफोन वाजवणाऱ्यानं मिळून दुहेरी क्विंटेट बनवलं, एका बाजूला पाच जॅझवाले आणि दुसऱ्या बाजूला पाच जण मेयरचे. आता मागची बाजू झूम करून दाखवतोय, नावं वाचा. सतारीवर दिवाण मोतीहार. तबल्यावर केशव साठे. तंबोऱ्यावर चंद्रहास, ज्यांचं आडनाव पैगणका असं छापलंय, आणि गोव्यातल्या काणकोणकडच्या कुणीही ते वाचलं की त्याला तिथलं पैंगीण गाव आठवणारच.

केशव साठे मुंबईत जन्मले, १९५६ मध्ये लंडनला गेले. म्हणजे बीटल्सनी सतार हातात घ्यायच्या कितीतरी आधीपासून हा मराठी माणूस तिथे तबला वाजवत होता, आणि युरोपातल्या जॅझ आणि फोकच्या लोकांना साथीला हवाच असायचा. आपल्याकडे त्यांचं नाव किती जणांना माहीत आहे? हा व्हिडिओ करायचं खरं कारण ते आहे.

(दृश्य : दुसरी स्लीव्ह, गिटारचा क्लोजअप)

आणि हा अमान्सिओ डिसिल्वा. जन्म मुंबईचा, १९३६, घराणं गोव्याचं. गिटार. मुंबईसारख्या शहरांत हॉटेलांमधून डान्स बँडमध्ये गोव्याची मंडळी जॅझ वाजवायची हे आपल्याला ऐकून माहीत असतं, पण त्या पिढीतला एक माणूस १९६७ मध्ये लंडनला जातो आणि दोन वर्षांत लॅन्सडाऊनमध्ये स्वतःच्या नावाचा रेकॉर्ड करतो ही गोष्ट आपण कधी सांगतच नाही. इंटिग्रेशन, १९६९. सोबत डॉन रेंडेल आणि इयन कार, तेव्हाच्या ब्रिटिश जॅझमधली एकदम वरची माणसं. आणि त्याच वर्षी जो हॅरियटबरोबर हम दोनो. इथे तबला नाही, सतार नाही, गिटारच अशी वाजते की मींड (सूर घसरवत नेणं) कुठून आली कळत नाही, आणि नॉर्मा विन्स्टन शब्दांशिवाय गाते, तिचा आवाज आणि सॅक्सोफोन एका सुरात निघतात. त्यात एका तुकड्याचं नाव आहे बॅलड फॉर गोवा. हॉलंड पार्कच्या तळघरात बसून केलेलं! ओरिजिनल हम दोनो आज दिसला तरी परवडायचा नाही, आणि त्याचा धड रीइश्यू यायला चाळीसपेक्षा जास्त वर्षं लागली.

(दृश्य : कटिंग रूम, लेथ, मायक्रोस्कोप)

आता हे नीट बघा, कारण रीइश्यू म्हणजे जुन्या रेकॉर्डची झेरॉक्स असं ज्यांना वाटतं त्यांनी हे एकदा तरी बघायलाच हवं. लंडनमधल्या एका कटिंग रूममध्ये, म्हणजे टेपवरून रेकॉर्डचे चर कापतात त्या खोलीत, आम्हाला कॅमेरा लावायला मिळाला. ही काळी चमकणारी चकती म्हणजे लॅकर, आत ॲल्युमिनियम आणि वर नायट्रोसेल्युलोजचा मऊ थर. लेथ, म्हणजे चर कापणारं यंत्र, ही चकती फिरवते आणि वरून कटिंग हेड खाली येतं, त्याला लावलेली सुई गरम केलेली असते म्हणजे चर गुळगुळीत निघतो. चर कापताना जो कचरा निघतो तो केसासारखा लांब धागा असतो, बघा तो नळीतून खेचला जातोय, तो अडकला तर बाजू गेली, लॅकर फेकून पुन्हा पहिल्यापासून. मध्ये थांबता येत नाही. वीस मिनिटांची बाजू म्हणजे सलग वीस मिनिटं, इंजिनियर श्वास रोखून उभा असतो, आणि खरंच त्या वेळात खोलीत कुणी बोललं नाही.

आणि हे टेप मशीन. साध्या मशीनपेक्षा यात टेपचा रस्ता लांब आहे, दिसतंय का? कारण इथे वाचणारी दोन हेड्स आहेत. पहिलं हेड आवाज थोडा आधी वाचतं आणि लेथला कळवतं की पुढे ड्रम जोरात येणार आहे किंवा बेस खोल जाणार आहे, मग लेथ त्या जागी चरांमध्ये जास्त अंतर सोडते, आणि शांत भाग आला की चर जवळजवळ आणते. दुसऱ्या हेडमधून येणारा आवाज प्रत्यक्षात कापला जातो. आता बऱ्याच ठिकाणी हे आधी वाचणारं जास्तीचं हेड नसतं, त्याऐवजी आवाज डिजिटल करून थोडा उशिरा सोडतात. तेही चालतं, वाईट नसतं, पण मग टेपपासून चरापर्यंत सगळं ॲनालॉग असं म्हणता येत नाही, आणि पैसे मोजणाऱ्याला हे माहीत असायला हवं.

लॅकर झाला की त्यावर चांदीचा पातळ थर, मग निकेलचं प्लेटिंग. तो थर सोलून काढला की उलटा साचा मिळतो, त्याला म्हणतात फादर. त्यापासून मदर, मदरपासून स्टॅम्पर, आणि स्टॅम्पर प्रेसमध्ये बसवून गरम व्हिनाईलवर दाब देतात. स्टॅम्पर झिजतो, त्यामुळे एकाच साच्यातून वाटेल तितक्या कॉपीज निघत नाहीत. हे सगळं ज्याच्यावर उभं आहे तो लॅकर जगात दोनच कंपन्या बनवायच्या, त्यातल्या कॅलिफोर्नियातल्या कारखान्याला फेब्रुवारी २०२० मध्ये आग लागली आणि तो बंदच झाला, मग उरली जपानमधली एक. त्या वर्षी लहान लेबलवाल्यांना चांगलाच घाम फुटला होता.

(दृश्य : पुन्हा कपाट, एका ओळीत बॉक्स सेट)

हे सगळं एकदम झालं नाही. १९९८ च्या सुमाराला जो हॅरियटचे काही रेकॉर्ड आणि त्याच्या आणि मेयरच्या इंडो-जॅझ फ्यूजन्स या रेकॉर्डचे दोन भाग सीडीवर आले. मग २००२ मध्ये डीजे जाइल्स पीटरसननं निवडलेली इम्प्रेस्ड नावाची कंपायलेशन आली आणि तरुण पोरं हे ऐकायला लागली, क्लबमध्ये जाणारी पोरं, ज्यांना जॅझशी काही घेणंदेणं नव्हतं. काका म्हणतात खरी लाट तिथून. जॅझमन रेकॉर्ड्सनं २०१८ मध्ये रेंडेल-कार क्विंटेटचे लॅन्सडाऊनचे पाचही एलपी एका बॉक्समध्ये काढले, शेड्स ऑफ ब्लू पासून चेंज इज पर्यंत, हा तो बॉक्स. २०१९ मध्ये सॅक्सोफोनवाल्या टबी हेजचा असा रेकॉर्ड आला की जो आधी कधी निघालाच नव्हता, ग्रिट्स बीन्स अँड ग्रीन्स, १९६९ मध्ये रेकॉर्ड करून टेप गोदामात पडून राहिली होती, बरोब्बर ५० वर्षं. आणि २०२१ पासून डेका या कंपनीनं ब्रिटिश जॅझ एक्स्प्लोजन ही सिरीज सुरू केली, केन व्हीलरचा विंडमिल टिल्टर, डॉन रेंडेलचा स्पेस वॉक वगैरे, गिअरबॉक्स या लंडनच्या स्टुडिओकडून ओरिजिनल टेपवरून कापून घेतलेले.

आणि रीइश्यूचा दुसरा प्रकारही आहे, जो काका घरात येऊ देत नाहीत. कुणीतरी जुना रेकॉर्ड किंवा सीडी वाजवतो, त्याचा आवाज कॉम्प्युटरवर घेतो, स्लीव्ह स्कॅन करतो, आणि व्हिनाईल काढून विकतो. टेप कुठून आली यावर एक अक्षर छापलेलं नसतं. काही वेळा हे चोरीचं असतं आणि काही वेळा कायदेशीर, कारण ब्रिटनमध्ये रेकॉर्डिंगचा कॉपीराइट आधी ५० वर्षांचा होता, २०१३ मध्ये तो ७० केला, पण १९६२ पर्यंत निघालेल्या रेकॉर्ड्सना तो वाढीव काळ मिळाला नाही. म्हणून १९५० च्या दशकातलं टेम्पो या ब्रिटिश लेबलचं संगीत कुणीही काढू शकतो, आणि लॅन्सडाऊनची बहुतेक मोठी कामं मात्र परवानगीशिवाय काढता येत नाहीत. विकत घेताना मागची बाजू वाचा. कोणत्या टेपवरून, कुणी कापलं, कुणाच्या परवानगीनं, हे ज्यांनी नीट काम केलंय ते अभिमानानं छापतात. रन-आउटमध्ये, म्हणजे मधल्या कागदी लेबलजवळच्या रिकाम्या भागात, कापणाऱ्याची खूणही बऱ्याचदा कोरलेली असते. ही बघा, उजेडात तिरकं धरल्यावर दिसते.

ज्यांनी वाजवलं त्यांना यातलं फारसं काही बघायला मिळालं नाही. जो हॅरियट १९७३ च्या जानेवारीत गेला, टबी हेज त्याच वर्षी अवघ्या ३८ व्या वर्षी, पेंड्युलम हा रेकॉर्ड करणारा पियानोवादक माइक टेलर तर १९६९ मध्येच.

(दृश्य : टर्नटेबल, सुई खाली, तबल्याचा ठेका सुरू)

हा शेवटचा, आणि ही काकांची सगळ्यात आवडती तबकडी. कोंकण डान्स. अमान्सिओ डिसिल्वा, १९७२, पुन्हा लॅन्सडाऊन. सॅक्सोफोनवर डॉन रेंडेल, सतारीवर क्लेम आल्फर्ड, तबल्यावर केशव साठे. गोव्याचा गिटारवाला, मुंबईचा तबलजी, नाव कोकणाचं, आणि रेकॉर्ड झाल्यावर तो बाहेर आलाच नाही. कुणी घेतला नाही. २००६ मध्ये पहिल्यांदा निघाला, तेव्हा अमान्सिओला जाऊन दहा वर्षं झाली होती. म्हणजे याला ओरिजिनल प्रेसिंग असं काही नाहीच, लाखो रुपये असले तरी १९७२ ची कॉपी मिळणार नाही, जी काही आहे ती नंतर कुणीतरी टेप शोधून मेहनत घेतली म्हणून आहे.

साठे २०१२ मध्ये गेले. त्यांचं काम ऐकायचं असेल तर सुरुवात इंडो-जॅझ स्वीटपासून करा, मग १९६७ चा जर्मनीत निघालेला जॅझ मीट्स इंडिया, त्यातही दिवाण मोतीहारांबरोबर तेच आहेत, मग १९७२ चा मॅजिक कार्पेट, आणि जॅझ नको असेल तर १९७७ चा जॉन रेनबोर्न ग्रुपचा अ मेड इन बेडलम, ज्यात जुन्या इंग्रजी लोकगीतांना ते तबल्याची साथ करतात. हे शोधून घ्या, स्लीव्हवरची नावं वाचा, आणि तुमच्या ओळखीत कुणाकडे चंद्रहास यांच्याबद्दल काही आठवण असेल, फोटो असेल, तर आम्हाला जरूर कळवा, कारण त्यांच्यावर पुढचा भाग करायचा आहे.