वायर कुठली लावलीत?

नमस्कार श्रोतेहो.

लॅमिंग्टन रोडवर एका गाळ्यात बसून बंद पडलेले संगणक उघडायचे, हा माझा बावीस वर्षांचा धंदा. रस्त्याचं खरं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग. पण ग्रँट रोड स्टेशनबाहेर टॅक्सीवाल्याला हे नाव सांगून बघा, तो उलट तुम्हालाच विचारतो, ‘लॅमिंग्टन के पास क्या?’ मोठ्या माणसाचं नाव पाटीवर लावून आपण मोकळे होतो, तोंडात काही रुळवत नाही. असो.

आजचा विषय, जुना संगणक चालूच होत नसेल तर काय पाहायचं. उत्तर आधीच सांगून टाकतो. आधी वायर बघा. मशीन उघडू नका, कुणाला फोन करू नका, नवीन घ्यायची भाषा तर नकोच. आधी वायर. हे मी एका काकांकडून शिकलो, खरं तर काकूंकडून, आणि तेही धंद्यात पडून दहा वर्षं झाल्यावर.

काका गिरगावातले. बँकेतून निवृत्त, चाळीच्या गणेशोत्सवाचे खजिनदार. गिरगावात या पदाला काय वजन असतं ते सांगायला नको. १८९३ साली केशवजी नाईक चाळीत सार्वजनिक गणपती बसला, तेव्हापासून इथे वर्गणीचा हिशेब ही चेष्टेची गोष्ट नाही. काकांचा सगळा हिशेब त्या एका जुन्या मशीनमध्ये, अशा एका जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला, की दुसऱ्या संगणकावर उघडला तर नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं. आणि गणपतीला राहिले आठ दिवस.

काका टॅक्सीतून आले. कॅबिनेट जुन्या नऊवारीत गुंडाळलेलं. ‘सीपीयू आणलाय. हूं नाही की चूं नाही.’ आता, सीपीयू म्हणजे आतली बिस्किटाएवढी चिप, अख्ख्या डब्याला सीपीयू म्हणणं चूक. पण मीही तेच म्हणतो, गिऱ्हाइकाशी भांडून पोट भरत नाही. टेबलावर घेतलं, वायर लावली, बटण दाबलं. सुरू! एक बीप, पंखा फिरला, पडदा उजळला.

काका माझ्याकडे बघतात, मी काकांकडे. चालू मशीन तसंच परत द्यायला जीव होईना, म्हणून ब्लोअर मारला, रॅम (म्हणजे आतली मेमरीची पट्टी) पुसली, दोनशे रुपये घेतले. संध्याकाळी फोन. ‘अरे, पुन्हा तेच.’

दुसऱ्या दिवशी तीच नऊवारी, तीच टॅक्सी. टेबलावर ठेवलं, सुरू! आता आमच्या धंद्यातलं एक गुपित सांगतो. मेकॅनिकला कळेनासं झालं की तो एसएमपीएस बदलतो. एसएमपीएस म्हणजे मागच्या बाजूची ती पंख्याची पेटी, जी घरातल्या २३० व्होल्टचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करून आत पुरवते. मी ती बदलली. पैसे घेतले. रात्री फोन.

तिसऱ्या दिवशी काका एकटेच आले, मशीन न घेता. दुकानाच्या पायरीवर उभं राहून म्हणाले, ‘तू चल.’

गेलो. तीन मजले, लाकडी जिना. स्वयंपाकघरात काकूंची मोदकांची रंगीत तालीम चाललेली, खोलीभर उकडीचा वास. प्लगमध्ये टेस्टर घातला, पेटला. एक्स्टेंशन बोर्डाला टेबल लॅम्प लावून पाहिला, लागला. मग कॅबिनेटमागची वायर उपसली आणि हातातच धरून राहिलो. तीन भोकांचं ते काळं तोंड, त्यातल्या एका भोकाची कड वितळून तपकिरी झालेली. पत्रा आत सैल पडलेला. वर कसलातरी पांढरा पापुद्रा. नखाने खरवडला, वास घेतला. तांदळाची पेज!

‘काका, ही वायर कुठली?’

उत्तर आतून आलं. ‘अरे, ती कुकरची. इलेक्ट्रिक कुकर मधूनच बंद पडायला लागला, म्हणून ह्यांची वायर मी कुकरला लावली नि कुकरची इथे. दोन्हीची तोंडं सारखीच तर आहेत!’

काका खुर्चीत बसले. बोलले काहीच नाहीत.

काकूंचं काय चुकलं? तोंडं खरंच सारखी असतात. आणि दुकानात येताना वायर कोण आणतं? माणसं डबा आणतात, वायर घरी कपाटामागे लोंबत राहते. मी माझी वायर लावायचो, मशीन चालायचं. म्हणजे दोन दिवस मी धडधाकट मशीन दुरुस्त करत होतो. जुना एसएमपीएस परत बसवून दिला, त्याचे पैसे परत केले. पहिले दोनशे मात्र ठेवले, साफसफाई खरी केली होती. निघताना काकूंनी तीन मोदक दिले, हाताच्या कळ्यांचे. साच्यातला मोदक मला मान्य नाही. तो दिसतो मोदकासारखा, एवढंच.

कुकरलाही नवी वायर आणायला सांगितली, जाड. जुना संगणक शे-दोनशे वॅटवर भागतो, कुकर सहा-सातशे ओढतो. बारीक वायर त्याला लावली की तापते, तोंड सैल होतं, आणि सैल तोंड आणखी तापतं.

बोलता बोलता वेळ गेला, आता भराभर सांगतो. वायर दुसरी लावून पाहिली, प्लग पाहिला, मागचा छोटा स्विच चालू आहे, तरी मशीन मेलेलंच? वायर काढा, समोरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, पुन्हा वायर लावा. अडकून राहिलेली वीज निघून जाते, कधी कधी एवढ्यावर भागतं.

पंखा फिरतो पण पडदा काळा, बीप बीप ओरडतो, तर बहुतेक वेळा रॅम. मुंबईची पावसाळी दमट हवा रॅमच्या सोनेरी दातांवर थर धरते. वायर काढा. पुन्हा सांगतो, वायर काढा, मग उघडा. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा, रॅम कडेने धरून बाहेर घ्या, पेन्सिलीच्या पांढऱ्या खोडरबरने दात हलके पुसा, चुरा झटका, परत दाबा. दोन्ही बाजूंनी खट्ट आवाज आला पाहिजे.

उघडलंच आहे तर मदरबोर्डवरचे, म्हणजे आतल्या मुख्य पाटीवरचे, छोटे डबे (कपॅसिटर) बघून घ्या. त्यांची डोकी सपाट हवीत. पुरीसारखी टम्म फुगली असतील, तर ते घरचं काम नव्हे. आणि एसएमपीएसची पेटी स्वतः उघडायची नाही. वायर काढल्यावरही आत जबर झटका बसण्याइतकी वीज उरते. ती पेटी उघडायची नाही.

पडद्यावर ‘नो सिग्नल’ दिसत असेल तर मॉनिटर जिवंत आहे, त्याची केबल दोन्हीकडून काढून घट्ट लावा. आणि मशीन चालू होऊन दर वेळी तारीख मागची दाखवत असेल, तर आतला गोल सेल संपलाय. सीआर २०३२, तीन व्होल्ट, घड्याळवाल्याकडेही मिळतो. काकांचा तोही संपलेला निघाला. त्या वर्षीच्या वर्गणीच्या पहिल्या सतरा पावत्यांवर १ जानेवारी २००२ छापून आलंय. काकांनी त्या सतराच्या सतरा घरोघरी जाऊन परत आणल्या आणि तारीख खोडून हाताने लिहिली, प्रत्येकीवर सही करून.

नमस्कार.